सरकारांचं वाक्य

४ ऑगस्ट

आज सरांनी संदर्भसूची तपासली. सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. बाकीचा प्रबंध त्यांनी डुलक्या घेत वाचला असेल, पण सूची मात्र खडे वेचावेत तशी वेचतात. पुस्तकं झाली, नियतकालिकं झाली, मग ऑनलाइन स्रोत. प्रत्येकापुढे लेखक, शीर्षक, संकेतस्थळ, पत्ता, पान पाहिल्याची तारीख. सगळं चोख होतं. एका ओळीवर त्यांचं बोट अडलं.

"'सरकारांचे शब्द'. हे काय, शासनाचं संकेतस्थळ आहे का?"

"नाही सर, ब्लॉग आहे. एका निवृत्त गृहस्थांचा. पक्षाघातानंतर त्यांच्या बायकोची वाचा गेली. तिला ते 'सरकार' म्हणतात."

"लेखकाचं नाव?"

"दिलेलं नाही. 'सरकारांचा कारकून' अशी सही करतात."

"म्हणजे नाव नाही, गाव नाही. आणि हे तुम्ही बाहेरच्या परीक्षकांपुढे ठेवणार? शासनाचं असतं तर एक वेळ चाललं असतं."

मी म्हटलं, तिसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य तिथलं आहे. 'शब्द मरत नाहीत, ते घर बदलतात.' आणि त्यापुढचे दोन परिच्छेदही. चष्म्याला खिडकी म्हणणं, उशीला ढग म्हणणं, चुकीचा शब्द वाटेल तिथून येत नाही, शेजारच्या घरातून येतो, हे सगळं.

"वाक्य छान आहे. वाक्य राहू दे. ओळ काढा."

"मग कोणाचं म्हणून राहू दे?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही इतकी वर्षं वाचोपचार करताय. तुमच्या पाहण्यात असं काही आलंच नाही का?"

आलं तर आहेच. रोज येतं. फक्त तसं मला कधी म्हणता आलं नाही.

घरी येऊन ओळ काढली. 'एका ब्लॉगलेखकाने नोंदवल्याप्रमाणे' याच्या जागी 'संशोधिकेच्या निरीक्षणानुसार' घातलं. परिच्छेदांतले चार शब्द इकडचे तिकडे केले. वाक्याला हात लावला नाही, ते बिघडलं असतं. मला वाटलं होतं जड जाईल. गेलं नाही.

९ ऑगस्ट

लेकीला कॉलेजातला पहिला निबंध लिहायचाय. घरात तिला ठकी म्हणतो, पण आहे ती अगदी सरळ. म्हणाली, "आई, नेटवरचा संदर्भ कसा देतात?"

मी खुर्ची ओढून बसले आणि शिकवलं. कोणी लिहिलं, काय लिहिलं, कुठे आहे, तू कधी पाहिलंस. पानं बदलतात, कधी नाहीशी होतात, म्हणून तारीख घालायची आणि पान स्वतःजवळ उतरवून ठेवायचं.

"आणि लेखकाचं नाव नसेल तर?"

"तर शीर्षकापासून सुरू करायचं. नाव दिलं नाही म्हणजे माणूस नाही, असं नसतं."

"वा! हे तुझ्या प्रबंधात घाल."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी परत घासली.

२ सप्टेंबर

प्रबंध विद्यापीठाच्या मजकूर-तपासणीतून पार झाला. साम्य नगण्य. त्या परिच्छेदांना साधी रेघसुद्धा ओढलेली नाही.

कसं काय, म्हणून ब्लॉगचा पत्ता उघडून पाहिला. पान उघडत नाही. फुकट ब्लॉग देणारी ती कंपनीच गाशा गुंडाळून गेलीय. माझ्या मनात आधी काय आलं असेल? बरं झालं. त्या माणसाचं इतक्या दिवसांचं लिहिणं गेलं आणि माझ्या मनात आलं ते 'बरं झालं'. दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

मी उतरवून घेतलेलं ते एक पान माझ्या संगणकात आहे. तळाशी तारीखही आहे. पुसून टाकावं का? कशाला, पडून राहील. माझ्याशिवाय कोण बघतंय?

१५ डिसेंबर

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंचा दरारा ऐकून होते. त्यांनी आकडेवारीवर खूप छळलं. मग प्रबंध मिटला आणि म्हणाल्या, "आकडे कोणीही गोळा करतं. पण 'शब्द मरत नाहीत, ते घर बदलतात' हे रुग्णाजवळ बसल्याशिवाय सुचत नाही. या एका वाक्याला मी पदवी देईन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरही वाजवत होते, माझ्याकडे न बघता. मी हात जोडले. मान खाली होती तर सगळ्यांना वाटलं, केवढी विनयशील बाई.

२१ डिसेंबर

नवऱ्याने हौसेने सगळ्यांना जेवायला बोलावलं. वहिनीने केक आणला, त्यावर ते वाक्य. पूर्ण मावलं नाही म्हणून नुसतं 'शब्द घर बदलतात'. दादा म्हणाला, "अगं, ही एखाद्या सामान हलवणाऱ्या कंपनीची जाहिरात वाटतेय." सगळे खो खो हसले. मीही हसले. सुरी माझ्या हातात दिली. मी कडेचा कोपरा कापला.

ठकी प्रबंधाची पानं चाळत होती. "आई, हे तू कधी म्हणालीस? तू असं बोलत नाहीस."

"लिहिताना माणूस वेगळं बोलतं."

"असेल," ती म्हणाली. तिने केक खाल्ला नाही. हल्ली वजनाचं फार मनावर घेते.

११ मे

आज रुग्णालयाच्या पत्त्यावर ईमेल आली. इथे उतरवून काढते.

'आदरणीय बाई, मी एक निवृत्त भूमापक. माझ्या पत्नीच्या आजारपणात मी नेटवर काही टिपणं लिहीत असे. ती जागा आता बंद झाली. मजकूर भाच्याने आधी उतरवून घेतला होता, पण त्याबरोबर तारखा आल्या नाहीत. एका प्रकाशकांनी पुस्तक करायचं ठरवलं. आता ते म्हणतात की त्यातलं एक वाक्य आणि काही भाग तुमच्या प्रबंधात आहे, मी तो नेटवरून घेतला असणार. मी घेतल्याचं मला आठवत नाही. पण माझं वय झालंय, आणि त्या काळात मी या विषयावर दिसेल ते वाचत असे. नकळत डोक्यात राहिलं असेल. आपण ते कधी लिहिलंत एवढं कळवाल का? चूक माझी असेल तर आपलं नाव घालायचंय. पत्नीचा नमस्कार.'

किती धूर्त माणूस! थेट आरोप न करता माझ्याकडूनच तारीख काढून घ्यायची. पत्नीचा नमस्कार, म्हणे. मी काही कळवणार नाही.

१४ मे

सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "यात घाबरण्यासारखं काय आहे? तो स्वतःच म्हणतोय नाव घालतो. घालू दे."

"सर, पण ते त्यांचं आहे."

"त्याच्याजवळ तारीख आहे का? नाही. तुमच्या प्रबंधावर आहे. आणि हो, माझं नाव यात कुठे येता कामा नये. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

सर नेहमी माझ्या भल्याचाच विचार करतात. मी उत्तर पाठवलं. तीन वेळा लिहून खोडलं, शेवटी एवढंच राहिलं: 'आपल्या प्रांजळपणाचं कौतुक वाटलं. आपण माझ्या प्रबंधाचा संदर्भ देऊ शकता. पत्नीस आराम पडो.'

कौतुक वाटलं, असं मी लिहिलं. माझ्या या हाताने.

१९ मे

त्यांचं उत्तर आलं. एवढ्या मोकळ्या मनाने परवानगी दिलीत, म्हणून आभार. सोबत पुस्तकाची संदर्भसूची, त्यात मी. माझं आडनाव, प्रबंधाचं शीर्षक, विद्यापीठ, पूर्ण पत्ता, पाहिल्याची तारीख. 'अशी नोंद मी प्रथमच करतोय, स्वल्पविराम बरोबर आहेत का ते पाहावं.' स्वल्पविराम बरोबर होते. रुग्णालयात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना इतकं नीट जमत नाही.

खाली आणखी एक परिच्छेद होता.

'एक गोष्ट सांगतो, तुम्हाला आनंद होईल. ते वाक्य मूळ माझं नव्हतंच. मी ब्लॉगवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी लगेच खुलासा केला की ते सरकारांचं आहे. वाचा गेल्यानंतर त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. अर्धी सकाळ लागली त्यांना. आम्ही दोघं किती वेळ हसत होतो. आता कळतंय की मी त्यांना नेटवरचं वाचून दाखवायचो, त्यातच तुमचं काही आलं असेल आणि त्यांच्या मनात रुतलं असेल. त्यामुळे खुलाशाचं ते पान पुस्तकातून काढलंय. सरकारांना पटत नाही. पण मी समजावतोय.'

मी त्या दिवशी पुढचं पान उघडलंच नव्हतं. मला हवं ते मिळालं होतं.

रुग्णालयात आज एकाही रुग्णाशी धड बोलता आलं नाही. एक आजोबा 'दार, दार' म्हणून काही मागत होते. पाणी हवं होतं त्यांना. मदतनीस बाईंनी ओळखलं. मी समोर बसून होते.

२० मे

नवऱ्याला सांगितलं. आधी म्हणाला, "एका वाक्यासाठी?" मग मी त्यांची ईमेल वाचून दाखवली. तो म्हणाला, "त्या बाईला तिचा नवराच समजावतोय की तू बोललीच नाहीस."

मी असा विचारच केला नव्हता. माझी अब्रू, माझी पदवी, एवढंच घोकत होते.

ठकी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. "मला माहीत होतं" असं काही ती म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२३ मे

जाऊन आले.

आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, येऊ का म्हणून. ब्लॉगवाले काका खूश झाले. तासाभराचा बसचा रस्ता. त्यांनी जिन्यात येऊन माझं स्वागत केलं. उंच, वाकलेले, शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

खोली लहान, उजेडाची. खिडकीपाशी टेबल, तिथे काकू भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. उजवा हात मांडीत पडलेला. डाव्या हाताने शेंग फळीच्या खाचेत अडकवायची, अंगठ्याने फोडायची. माझ्याकडे पाहून थांबल्या.

काका मोठ्या उत्साहाने म्हणाले, "सरकार, या त्या डॉक्टरबाई बरं का. ते वाक्य यांचं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बोलता न येणाऱ्या माणसांचे डोळे मी रोज बघते, त्यावर प्रकरण लिहिलंय. या डोळ्यांतलं वाचायला शिक्षण लागत नव्हतं.

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. पिशवीतून छापलेलं पान काढून काकांना दिलं. म्हटलं, "काका, हे तुमच्या ब्लॉगचं पान आहे. तळाशी तारीख बघा. माझं ते प्रकरण याच्यानंतरचं आहे. तुम्ही माझं घेतलेलं नाही. मी तुमचं घेतलं. आधी संदर्भ दिला होता, मग काढून टाकला. तुमची ईमेल आली तेव्हाही मला सगळं ठाऊक होतं, तरी खोटं लिहिलं."

काकांनी तारीख वाचली. चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला, परत वाचली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असं मनापासून वाटत होतं. पण ते माझ्याकडे वळलेच नाहीत. टेबलापाशी गेले आणि बायकोच्या पुढ्यात कागद ठेवला.

"सरकार, तुमचंच होतं."

काकूंनी शेंग खाली ठेवली. ओठ हलले, थांबले. मला सवयीने पहिला आवाज सुचवायची ऊर्मी आली. ती गिळली. काकूंनी डावा तळहात कागदावर ठेवला.

"माझं."

"हो. तुमचं," मी म्हटलं.

मग काका बोलले, पण माझ्याशी नाही, भिंतीशी बोलल्यासारखे. "मी हिला रोज सांगत होतो, अगं तू ऐकलं असशील कुठेतरी. ही मान हलवायची, नाही म्हणून. मी परत समजवायचो. डॉक्टरबाई खोटं कशाला बोलतील, म्हणायचो. मी हिला खोटं पाडलं हो. हिच्याकडे तेवढं एकच तर होतं."

'क्षमा करा' हे शब्द मी बसमध्ये घोळवून आणले होते. तिथे ते फार हलके वाटले. तरी म्हटले. काकूंनी पुन्हा शेंग उचलली. काका दारापर्यंत आले नाहीत.

जिन्यात उभी राहून मी रडले. मग स्वतःचाच राग आला. रडायचा हक्क वर खोलीत होता, माझा नव्हता.

२६ मे

प्रकाशकांना आणि विद्यापीठाला पत्रं पाठवली. जे झालं ते लिहिलं. सरांचं नाव घालावं की नाही यावर सकाळ गेली. शेवटी लिहिलं, 'मार्गदर्शकांनी सुचवलं, पण हात माझा होता.' पाठवण्याआधी सरांना वाचून दाखवलं.

"तुम्ही वेड्या आहात का? स्वतः बुडताय ते बुडा, मला कशाला घेऊन बुडता?"

"सर, 'सुचवलं' हे खरं आहे ना?"

"मी वाक्यरचनेबद्दल बोललो होतो," सर म्हणाले आणि फोन ठेवला. कदाचित त्यांना खरंच तसंच आठवत असेल. मलाही काही दिवस ते वाक्य माझंच वाटत होतं.

७ जुलै

समितीपुढे उभी राहिले. त्याच परीक्षक बाई होत्या. त्यांनी एकही कठोर शब्द वापरला नाही. फक्त एवढंच विचारलं, "मी त्या दिवशी कौतुक केलं तेव्हा तुम्ही काय विचार करत होतात?"

"लवकर संपावं असा."

त्यांनी ते लिहून घेतलं.

प्रबंध मागे घ्यायचा. पदवी स्थगित. प्रकरण नव्याने लिहून परत सादर करता येईल, मान्य होईलच असं नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर माझ्या नावापुढे 'मागे घेतला' असं आलंय. कोणीही पाहू शकतं. रुग्णालयात लोक माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलतात, ते सर्वांत वाईट. वहिनीने फोनवर हवापाण्याच्या इतक्या गप्पा मारल्या की हवामान खात्यानेही मारल्या नसत्या.

आता दुरुस्तीतली नोंद कशी करायची ते कळेना. पान अस्तित्वात नाही. लिहिणारा निनावी. बोलणारी वेगळीच. काकांना ईमेल केली: नोंद कोणाच्या नावे हवी? आणि धीर करून विचारलं, काकूंना मी दर आठवड्याला घरी येऊन वाचोपचार देऊ का?

त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. पहिल्या ओळीत काकूंचं संपूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. दुसरीत: 'उपचारांना येऊ नये. तुम्ही येऊन गेल्यापासून माझ्या हातात पेन दिसलं की सरकार बोलायच्या थांबतात.'

नोंद केली. नाव आधी, मग 'बोललेले वाक्य', मग ब्लॉगचं शीर्षक, बंद झालेला पत्ता, पाहिल्याची तारीख. तपासायला ठकीला दिली. तिने नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे." त्या दिवसानंतर ती माझ्याशी नीट बोलली ते हे पहिलंच.

३० ऑगस्ट

दुपारी काकांचा फोन आला. नंबर बघून म्हटलं, काकूंना काही झालं की काय.

"नाही, नाही. बऱ्या आहेत. पुस्तक छापायला गेलं. सरकारांचं खुलाशाचं पान परत घातलंय, एवढं कळवायचं होतं."

मी म्हटलं, "फार बरं झालं." आता फोन ठेवतील असं वाटत होतं, पण ठेवेनात.

"प्रकाशक म्हणाले, हा सगळा प्रकार शेवटी लिहा, वाचक वाचतील. तुमच्या नावासकट. मी म्हटलं, सरकारांना विचारतो. आता मी सगळं आधी विचारतो. लिहू का म्हटलं की मान हलवतात, हो किंवा नाही. बहुतेक नाहीच."

"मग?"

"मग विचारलं, त्या बाईंबद्दल लिहू का? बराच वेळ लागला. म्हणाल्या, 'नको. तिला... लाज.'"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"एवढंच. आता याचा अर्थ, तिची लाज निघेल म्हणून नको, की तिला लाज वाटलीय तेवढी पुरे, की तिला लाज असायला हवी होती? मला काही उलगडेना. शब्द अजूनही नको तिथले येतात ना. तुम्ही यातल्या जाणकार. काय म्हणायचं असेल त्यांना?"

समोर रुग्णांची खुर्ची रिकामी होती. मी खूप वेळ लावला असणार, कारण काकांनी "हॅलो, हॅलो" केलं.

"काका," मी म्हटलं, "शब्द बरोबर आलाय."